सहा फवारे, बहात्तर मोजण्या: क्रुस्कल-वॉलिस चाचणीनंतर उरणारा पेच

शेतावर सहा निरनिराळी कीटकनाशके फवारली, प्रत्येकाच्या वाट्याला बारा तुकडे आले आणि फवारणीनंतर तुकड्यागणिक सापडलेल्या किडी मोजून बहात्तर आकडे हाती आले, तर त्यांवरून दोन प्रश्न विचारता येतात. सहांपैकी निदान एकाचा परिणाम इतरांहून वेगळा आहे का, हा पहिला. आणि वेगळे असतील तर नेमके कोण कोणापासून वेगळे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर या प्रकरणात अगदी सोपे आहे. हे टिपण लिहिण्याचे कारण दुसरा प्रश्न आहे. त्याच बहात्तर आकड्यांवर सारख्याच मान्यतेच्या पद्धती लावल्या असता एका जोडीबद्दल त्या परस्परविरोधी निकाल देतात, आणि हा विरोध कुठून येतो हे कागद-पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत तपासता येते.

आकडे काल्पनिक नाहीत. कीटकशास्त्रीय प्रयोगांतल्या मोजण्यांचे रूपांतर कसे करावे, या विषयावर जी. बील यांनी १९४२ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखातून ते आले आहेत, आणि आज ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीसोबत ‘इन्सेक्टस्प्रेज’ या नावाने ते कोणालाही मोफत मिळतात. त्या नोंदीत कीटकनाशकांची नावे नाहीत, केवळ ए ते एफ ही अक्षरे आहेत. आकडे चढत्या क्रमाने मांडले तर असे दिसतात:

ए: ७, १०, १०, १२, १३, १४, १४, १४, १७, २०, २०, २३
बी: ७, ११, ११, १३, १४, १६, १७, १७, १७, १९, २१, २१
सी: ०, ०, १, १, १, १, २, २, ३, ३, ४, ७
डी: २, ३, ३, ४, ४, ५, ५, ५, ५, ५, ६, १२
ई: १, १, २, ३, ३, ३, ३, ४, ५, ५, ६, ६
एफ: ९, १०, ११, १३, १३, १५, १५, १६, २२, २४, २६, २६

किडी जितक्या कमी तितके औषध चांगले, हे ध्यानात ठेवून या ओळींवरून नुसती नजर फिरवली तरी दोन तट दिसतात. ए, बी आणि एफ एका बाजूला, सी, डी आणि ई दुसऱ्या बाजूला. सरासरी अनुक्रमे १४.५, १५.३, २.१, ४.९, ३.५ आणि १६.७ अशी येते. मध्यक १४, १६.५, १.५, ५, ३ आणि १५ असे आहेत. एवढ्यावरच थांबून अहवाल लिहिणारेही भेटतात, पण ‘दिसते’ आणि ‘आकड्यांच्या आधारे म्हणता येते’ यांत अंतर असते, आणि ते नेमके खालच्या तटात आहे.

नेहमीची पद्धत येथे का अडते

अनेक स्वतंत्र गटांच्या सरासरींची तुलना करायची म्हटली की हात आपोआप प्रचरण विश्लेषणाकडे, म्हणजे अ‍ॅनोव्हाकडे जातो. या आकड्यांवर ते केले तर एफ-गुणोत्तर (गटागटांतला फरक गटाच्या आतल्या फरकाच्या किती पट आहे ते सांगणारी संख्या, एफ गटाशी तिचा संबंध नाही) ३४.७ येते आणि शून्य परिकल्पना, म्हणजे ‘गटांच्या सरासरींत फरक नाही’ हे गृहीत, सहज फेटाळली जाते. तथापि अ‍ॅनोव्हा असे गृहीत धरते की सर्व गटांतले आकडे आपापल्या सरासरीभोवती सारख्याच प्रमाणात विखुरलेले आहेत, आणि तेच येथे खरे नाही. ई गटाचे प्रचरण, म्हणजे या विखुरलेपणाचे माप, ३.० आहे, तर एफ गटाचे ३८.६, म्हणजे जवळजवळ तेरापट. मोजणीच्या आकड्यांत हे अपेक्षितच असते, कारण जिथे सरासरी दोन किडी आहेत तिथे आकडा शून्याच्या खाली जाऊ शकत नाही आणि वर जाऊन जाऊन किती जाणार. जिथे सरासरी सोळा आहे तिथे नऊही येतात आणि सव्वीसही.

अशा वेळी अप्राचलिक चाचणी, म्हणजे आकड्यांच्या वितरणाचा ठरावीक आकार गृहीत न धरणारी चाचणी, लावावी, असा सल्ला मिळतो. सल्ला योग्य आहे, पण त्यामागे पुष्कळदा एक समजूत दडलेली असते, ती अशी की मूळ आकडे टाकून त्यांचे क्रमांक घेतले म्हणजे प्रचरणाची कटकट कायमची मिटली. ती मिटत नाही. दुसऱ्या खोलीत जाते. ती कोणत्या खोलीत गेली हे पुढे दाखवतो.

क्रमांक लावणे

विल्यम क्रुस्कल आणि अ‍ॅलन वॉलिस यांनी १९५२ साली मांडलेली चाचणी दोनापेक्षा अधिक स्वतंत्र गटांसाठी आहे. दोन गटांसाठीची तिची थोरली बहीण फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ साली मांडली आणि मान व व्हिटनी यांनी १९४७ साली तिचा पाया विस्तारला. योगायोग असा की विल्कॉक्सन हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या त्या लेखातले उदाहरणही माश्या मारण्याच्या दोन फवाऱ्यांचे, प्रत्येकी आठ चाचण्यांचे होते. म्हणजे क्रमांकांवर आधारलेल्या या कुळाचा जन्मच फवाऱ्याच्या वासात झाला आहे.

कृती अशी. कोणता आकडा कोणत्या गटातला हे क्षणभर विसरून सर्व बहात्तर आकडे एका रांगेत चढत्या क्रमाने लावायचे आणि १ ते ७२ क्रमांक द्यायचे. आकडे समान आले तर शाळेच्या बक्षीस समारंभात ‘दुसरा क्रमांक विभागून’ म्हणतात तसेच करायचे, म्हणजे त्या समान आकड्यांनी अडवलेल्या जागांची सरासरी प्रत्येकाला द्यायची. या रांगेत ५ हा आकडा सात वेळा आला आहे, पाच वेळा डी गटात आणि दोन वेळा ई गटात. ती सात जण २५ ते ३१ या जागा अडवतात, म्हणून प्रत्येकाला २८ हा क्रमांक मिळतो. ७ हा आकडा ए, बी आणि सी या तीन गटांत एकेकदा आला आहे आणि तिघांनाही ३६ मिळतो. रांगेत या ठिकाणी दोन्ही तटांची माणसे शेजारी उभी राहतात. याखेरीज डी गटातल्या एकुलत्या एका १२ ने वरच्या तटात शिरकाव केला आहे. बाकी कुठेही सरमिसळ नाही.

क्रमांक लावताना आकड्यांचे अंतर बदलते, हे हाताने केल्याशिवाय नीट उमगत नाही. शून्य किडी आणि एक किड यांतले अंतर क्रमांकांत १.५ ते ५.५, म्हणजे चार पायऱ्यांचे होते, तर २४ आणि २६ किडींतले अंतर ७० ते ७१.५, म्हणजे दीड पायरीचे. ३ पासून ५ पर्यंत जाताना साडेअकरा पायऱ्या चढाव्या लागतात आणि १७ पासून २३ पर्यंत जाताना केवळ साडेआठ. जिथे गर्दी आहे तिथे पट्टी ताणली जाते, जिथे विरळ आहे तिथे आक्रसते. एफ गटाच्या सव्वीस-सव्वीस किडी सरासरीला जशा वर ओढतात तशा क्रमांकांच्या बेरजेला ओढू शकत नाहीत, आणि अप्राचलिक चाचणीचा मुख्य लाभ हाच आहे.

मग गटवार क्रमांकांची बेरीज करायची. ती ए साठी ६२६, बी साठी ६५८, सी साठी १३७.५, डी साठी ३०७, ई साठी २३२ आणि एफ साठी ६६७.५ येते. एकूण २६२८ झाली पाहिजे, कारण १ ते ७२ यांची बेरीज तेवढीच असते. ती तेवढी आली नाही तर पुढे जाऊ नये, रांगेत कुठेतरी चूक आहे. सहाही औषधे सारखीच असती तर प्रत्येक गटाचा सरासरी क्रमांक ३६.५ च्या आसपास असता. प्रत्यक्षात सरासरी क्रमांक ५२.२, ५४.८, ११.५, २५.६, १९.३ आणि ५५.६ आहेत.

या बेरजांचे वर्ग करून, प्रत्येकाला गटाच्या आकाराने भागून, ती सर्व मिळवून त्या बेरजेला १२ ने गुणायचे आणि ७२ गुणिले ७३ ने भागायचे, आणि त्यातून ७३ ची तिप्पट वजा करायची. उरते ती एच ही संख्या. येथे ती ५४.४७ येते. समान आकड्यांमुळे तिच्यात एक दुरुस्ती करावी लागते. प्रत्येक समान-समूहातल्या संख्येचा घन घेऊन त्यातून ती संख्या वजा केली आणि सर्व समूहांची बेरीज घेतली तर १४८८ मिळतात. ७२ बाबत तेच केले तर ३,७३,१७६ मिळतात. त्यांचे गुणोत्तर एकातून वजा केले की ०.९९६ हा भाजक मिळतो आणि एच ५४.६९ होते. इतके समान आकडे असूनही दुरुस्ती नगण्य निघाली, कारण कोणताही एक समूह फार मोठा नाही. सर्वांत मोठा ३ या आकड्याचा, आठ जणांचा आहे. निम्मे आकडे शून्य असते तर मात्र ही दुरुस्ती दुर्लक्षून चालले नसते.

औषधांत फरक नसता तर एच ज्या वितरणाला अंदाजे धरून असती, त्या पाच स्वातंत्र्य मात्रांच्या (गटांच्या संख्येहून एक कमी) काय-वर्ग वितरणात ५ टक्के पातळीची सीमा ११.०७ आहे. ५४.६९ ही संख्या तिच्या कितीतरी पलीकडे आहे, आणि पी-मूल्य, म्हणजे औषधांत फरक नसतानाही एच इतकी मोठी येण्याची शक्यता, एक अब्जांशाहूनही कमी, सुमारे ०.०००००००००१५ येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. एच ला एकूण आकड्यांहून एकाने कमी संख्येने, म्हणजे ७१ ने भागले तर ०.७७ मिळतात, क्रमांकांत जेवढा म्हणून चढउतार आहे त्यातला ७७ टक्के गटागटांतल्या फरकातून येतो, असा त्याचा अर्थ आहे. हा आकडा अहवालात पी-मूल्याच्या शेजारी असावा, कारण अब्जांशातले पी-मूल्य वाचून वाचकाला फरकाच्या आकाराबद्दल काहीच कळत नाही.

येथे एक नेहमीची चूक नोंदवून ठेवतो. क्रुस्कल-वॉलिस चाचणी ही मध्यकांची तुलना करणारी चाचणी आहे, असे सर्रास लिहिले जाते. सर्व गटांच्या वितरणाचा आकार एकच असेल आणि ती केवळ डावी-उजवीकडे सरकलेली असतील, तरच ते खरे आहे. येथे एफ चा पसारा ई च्या कैक पट आहे, म्हणून तसे म्हणण्याची सोय नाही. चाचणी जे सांगते ते असे: काही गटांतून सहज उचललेला आकडा इतर गटांतून उचललेल्या आकड्यापेक्षा मोठा निघण्याची प्रवृत्ती आहे. ए आणि बी यांचेच उदाहरण पाहिले तर मध्यकांत अडीच किडींचे अंतर दिसते, पण सरासरी क्रमांकांतले अंतर केवळ २.७ पायऱ्यांचे आहे. बी आणि एफ यांच्यात तर मध्यक बी चा मोठा आणि सरासरी क्रमांक एफ चा मोठा, अशी उलटापालटही आहे.

दुसरा प्रश्न

सहा गटांतून दोन-दोनच्या पंधरा जोड्या होतात. मुख्य चाचणीनंतर जोड्या तपासण्यासाठी बहुतेक जण ऑलिव्ह जीन डन यांनी १९६४ साली मांडलेली पद्धत वापरतात. तीत रांगेतले तेच क्रमांक कायम ठेवून दोन गटांच्या सरासरी क्रमांकांतले अंतर घ्यायचे आणि त्याला त्या अंतराच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे निव्वळ योगायोगाने ते साधारण किती हलू शकते त्या मापाने, भागायचे. ही प्रमाण त्रुटी १ ते ७२ या संपूर्ण रांगेच्या प्रचरणावरून काढतात. समान आकड्यांची दुरुस्ती केल्यावर ते प्रचरण ४३६.२५ येते आणि प्रत्येकी बारा आकड्यांच्या दोन गटांसाठी प्रमाण त्रुटी ८.५३ होते. पंधरा जोड्या एकदम तपासत असल्यामुळे बॉनफेरॉनीच्या नियमाने पातळी ०.०५ भागिले १५ इतकी कडक केली, तर अंतर सुमारे २५ पायऱ्यांहून अधिक असेल तेव्हाच ते सार्थक म्हणता येते.

वरच्या तटातला कोणताही एक आणि खालच्या तटातला कोणताही एक अशा नऊ जोड्या आहेत, आणि त्या नऊही या कसोटीला उतरतात. त्यांतली सर्वांत निसटती ए आणि डी यांची, २६.६ पायऱ्यांची, तिचे दुरुस्त, म्हणजे पंधराने गुणलेले, पी-मूल्य ०.०२७ आहे. तटांतर्गत सहा जोड्यांपैकी एकही उतरत नाही. सी आणि डी यांच्यात अंतर १४.१ पायऱ्यांचे आहे, भागाकार १.६६ येतो, आणि दुरुस्तीपूर्वीचे पी-मूल्यच ०.०९८ आहे, दुरुस्तीनंतर तर ते १ ला जाऊन टेकते. यावरून अहवालात असे लिहिले जाईल की सी, डी आणि ई यांच्यात फरक आढळला नाही, शेतकऱ्याने तिघांतले स्वस्त असेल ते घ्यावे.

आता सी आणि डी यांच्या ओळी पुन्हा वर जाऊन पाहाव्यात. सी गटातल्या बारापैकी दहा आकडे ३ किंवा त्याहून कमी आहेत. डी गटात असे केवळ तीनच आहेत. सी चा एक आणि डी चा एक अशा १४४ संभाव्य जोड्या मांडून, डी चा आकडा मोठा असेल तिथे एक आणि बरोबरी असेल तिथे अर्धा गुण दिला, तर १२४ गुण डी कडे जातात. म्हणजे १०० पैकी ८६ वेळा डी च्या तुकड्यावर अधिक किडी. हाच हिशेब मान-व्हिटनी चाचणीचा पाया आहे आणि तिने या जोडीसाठी ०.००२७ हे पी-मूल्य मिळते. त्याला पंधराने गुणले, म्हणजे डनच्या चाचणीला लावली तीच कडक दुरुस्ती लावली, तरी ०.०४ येते. एक पद्धत म्हणते फरक नाही, दुसरी म्हणते आहे. आणि दोन्ही क्रमांकांवरच चालतात.

विरोध कुठून येतो

फरक क्रमांक कोणाच्या संगतीत लावले यात आहे. मान-व्हिटनी चाचणी सी आणि डी यांचे चोवीस आकडे बाजूला काढून त्यांनाच १ ते २४ क्रमांक देते. डनची पद्धत सर्व बहात्तरांच्या रांगेतले क्रमांक तसेच ठेवते, त्यामुळे सी आणि डी यांच्या भांडणात ए, बी आणि एफ यांचाही आवाज मिसळतो.

हे पडताळून पाहण्यासाठी ए, बी आणि एफ हे तीन गट काढून टाकले आणि उरलेल्या छत्तीस आकड्यांना पुन्हा क्रमांक दिले. रांगेच्या या टोकाला फारसे काही बदलत नाही. सी च्या ७ ला ३६ ऐवजी ३५ मिळतात आणि डी च्या १२ ला ४५.५ ऐवजी ३६. सी आणि डी यांच्या सरासरी क्रमांकांतले अंतर १४.१ होते ते १३.४ झाले, म्हणजे किंचित कमीच झाले. पण प्रमाण त्रुटी ८.५३ होती ती ४.२५, बरोबर निम्म्यावर आली, आणि भागाकार १.६६ होता तो ३.१६ झाला. सी आणि डी यांच्या शेतात काहीही घडलेले नाही. तीन परके गट उठून गेले, एवढेच. आकडे पाहून मगच हे तीन गट निवडले असल्यामुळे या ३.१६ ला निकाल म्हणून सादर करता येणार नाही. कारण समजून घेण्यापुरताच त्याचा उपयोग.

कारण असे आहे की डनची प्रमाण त्रुटी ‘सहाही गट एकसारखे आहेत’ असे मानून काढलेली असते. ४३६.२५ या प्रचरणात गटाच्या आतला विखुरलेपणा आहे तसा दोन तटांमधला प्रचंड फरकही आहे. पण सहाही गट एकसारखे नाहीत हे तर मुख्य चाचणीने नुकतेच, अब्जांशातल्या पी-मूल्यानिशी सांगितले. ते ऐकून घेतल्यावरही जुन्याच गृहीतकावरचा भाजक वापरत राहणे म्हणजे निकाल लागल्यावरही जुनीच फिर्याद वाचत बसण्यासारखे आहे. केवळ गटांच्या आतला विखुरलेपणा मोजला तर क्रमांकांचे प्रचरण १०७.८, म्हणजे एक चतुर्थांश भरते. कोनोव्हर आणि इमान यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत हेच दुसरे प्रचरण भाजकात घेते. त्या पद्धतीने सी आणि डी यांच्यातले तेच १४.१ पायऱ्यांचे अंतर प्रमाण त्रुटीच्या ३.३ पट ठरते आणि पंधरापट दुरुस्तीनंतरचे पी-मूल्य ०.०२ येते.

मूळ आकड्यांवरच्या अ‍ॅनोव्हाचेही असेच दुखणे आहे, कारण मात्र निराळे. तेथे भाजकात गटांच्या आतलेच प्रचरण असते, पण ते सहाही गटांचे सरासरी प्रचरण, १५.४ आहे. सी चे स्वतःचे ३.९ आणि डी चे ६.३ असताना त्यांच्यावर एफ च्या ३८.६ चा भार पडतो. परिणामी सी आणि डी यांच्यातला २.८ किडींचा फरक प्रमाण त्रुटीच्या १.८ पटच ठरतो आणि पी-मूल्य दुरुस्तीपूर्वी ०.०८ येते. म्हणजे ज्या अडचणीपासून पळून आपण क्रमांकांकडे आलो, ती डनच्या भाजकात वेगळा सदरा घालून उभी होती. मघाशी दुसरी खोली म्हटली ती हीच.

बील यांनी सुचवलेला मार्ग या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे. मोजणीचे आकडे तसेच न वापरता त्यांचे असे रूपांतर करावे की गटागटांचा विखुरलेपणा सारखा व्हावा, हा त्यांच्या लेखाचा विषय. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांतल्या कीटकशास्त्राच्या प्रबंधांत तक्त्याखाली ‘कंसातील आकडे वर्गमूळ रूपांतरित आहेत’ अशा अर्थाची टीप असते, ती याच परंपरेतली. तेथे शून्याची सोय म्हणून आकड्यात ०.५ मिळवून वर्गमूळ घेण्याचा प्रघात आहे. येथे सरळ वर्गमूळ घेऊन अ‍ॅनोव्हा केली तर एफ-गुणोत्तर ३४.७ वरून ४४.८ वर जाते. सी आणि डी यांच्या वर्गमुळांच्या सरासरी १.२४ आणि २.१६ आहेत, त्यांतला फरक प्रमाण त्रुटीच्या ३.६ पट भरतो आणि पंधरापट दुरुस्तीनंतरचे पी-मूल्य ०.०१ च्या आसपास येते. म्हणजे साध्या वर्गमुळाला जे दिसते ते आजची रूढ अप्राचलिक जोड-चाचणी झाकून टाकते. माझ्या मते ज्याला मोजणीच्या आकड्यांची रीत माहीत आहे त्याने क्रमांकांकडे जाण्यापूर्वी हा रस्ता एकदा तरी चालून पाहावा. क्रमांक हे अज्ञानाच्या प्रसंगी उत्तम साधन आहे, पण येथे आपण तितके अज्ञानी नाही.

क्रमांकांवरच राहायचे असेल तर या प्रकरणात मी जोडीजोडीने नव्याने क्रमांक लावणारी पद्धत निवडेन, म्हणजे सर्व पंधरा जोड्यांवर मान-व्हिटनी चाचणी आणि तिच्यावर बॉनफेरॉनी किंवा होल्म यांची दुरुस्ती, अथवा स्टील आणि ड्वास यांनी १९६० साली स्वतंत्रपणे सुचवलेली आणि त्याच तत्त्वावर चालणारी पद्धत. तिचा एक दोष मान्य करायला हवा: प्रत्येक जोडीची रांग वेगळी असल्याने निकाल एकमेकांशी नेहमी जुळतीलच असे नाही, आणि पहिला दुसऱ्याहून वरचढ, दुसरा तिसऱ्याहून वरचढ, पण तिसरा पहिल्याहून वरचढ असे चक्रही तत्त्वतः निघू शकते. या बहात्तर आकड्यांत तसे काही निघत नाही. कोणती पद्धत वापरणार हे मात्र आकडे पाहण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवलेले असावे. सगळ्या पद्धती चालवून सोयीचा निकाल छापणे हा वेगळाच प्रकार झाला.

स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र

एका गृहीतकावर आतापर्यंत काहीच बोललो नाही आणि कोणतीही क्रमांक-चाचणी त्यातून सुटका करून देत नाही. बहात्तर तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. शेतावर किडी एका कोपऱ्यात अधिक आणि दुसऱ्यात कमी असतात, म्हणून शेताचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात सगळी औषधे एकेकदा फवारण्याची रीत आहे. प्रयोग तसा आखला असेल तर एकाच पट्ट्यातले सहा आकडे एका कुटुंबातले ठरतात, आणि मग योग्य चाचणी क्रुस्कल-वॉलिस नसून मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ साली मांडलेली, पट्ट्याच्या आतच क्रमांक लावणारी चाचणी ठरते. प्रणालीसोबत मिळणाऱ्या नोंदीत दोनच स्तंभ आहेत, किडींची संख्या आणि फवाऱ्याचे अक्षर. पट्ट्याचा स्तंभ त्यात नाही. म्हणून या लिखाणातला सर्व हिशेब गट स्वतंत्र आहेत असे मानून केला आहे, आणि हे मानणे अहवालात स्पष्ट लिहायला हवे. स्वतःचा प्रयोग करणाऱ्याने तर नोंदवहीत पट्ट्याचा क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहावा. तो नंतर आठवून भरता येत नाही.

या आकड्यांवरून निष्कर्षाचा परिच्छेद मी पुढीलप्रमाणे लिहीन. सहा कीटकनाशकांच्या तुकड्यांवर आढळलेल्या किडींच्या संख्येत फरक आहे (क्रुस्कल-वॉलिस एच ५४.६९, स्वातंत्र्य मात्रा ५, पी-मूल्य ०.००१ हून कमी, क्रमांकांतल्या चढउताराचा ७७ टक्के हिस्सा गटांमुळे). सी, डी आणि ई यांपैकी प्रत्येकाखाली ए, बी आणि एफ यांपैकी प्रत्येकापेक्षा कमी किडी आढळल्या. ए, बी आणि एफ यांच्यात परस्पर फरक दाखवता आला नाही. सी खाली डी पेक्षा कमी किडी आढळल्या. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या दोन तुकड्यांपैकी डी च्या तुकड्यावर अधिक किडी असण्याचे प्रमाण ०.८६ आहे (मान-व्हिटनी, पंधरा जोड्यांसाठी दुरुस्त पी-मूल्य ०.०४).

त्यानंतर ई बद्दल एक वाक्य लागेल. सी आणि ई यांच्यातल्या १४४ जोड्यांत साडेएकशे पाच गुण ई कडे जातात, म्हणजे प्रमाण ०.७३ आहे आणि कल सी च्या बाजूचाच आहे. पण मान-व्हिटनी चाचणीचे पी-मूल्य दुरुस्तीपूर्वीच ०.०५३ आहे आणि वर्गमुळाच्या मार्गाने आलेले ०.०३ हे मूल्यही पंधराने गुणल्यावर टिकत नाही. सबब सी हे सहांत सर्वोत्तम आहे असे या प्रयोगावरून लिहिता येत नाही, आणि सी व ई सारखेच आहेत असेही लिहिता येत नाही. त्यासाठी या दोघांनाच समोरासमोर ठेवून बारांहून अधिक तुकड्यांवर नवा प्रयोग करावा लागेल.